खूण आणि विश्वास

ज्या वस्तूला आकार आहे तिचें चित्र काढणें हें हाताचें काम आहे. ज्या गोष्टीला आकारच नाहीं तिचें चित्र काढणें हें बुद्धीचें काम आहे. माड, होडी, नारळ यांचीं चित्रें लहान मूलहि काढतें. परंतु ‘जतन कर’, ‘मागें फीर’, ‘परवानगी दे’, ‘नको’ यांचें चित्र कसें काढावें? संगणकावर आणि खिशांतल्या मोबाइलवर आपण दिवसांतून कितीदां तरी ज्या चिमुकल्या आकृतींवर बोट ठेवतों, त्या काढणाऱ्यापुढें नेमका हाच प्रश्न असतो. नखाएवढ्या जागेंत एक क्रिया बसवावयाची, आणि तीहि अशी कीं पाहणाऱ्यानें ती तत्काळ ओळखावी. हा प्रश्न वरवर कारागिरीचा दिसतो. माझ्या मतें तो शेवटीं नीतीचा आहे. तो कसा, हें पाहूं.

प्रश्न नवा नाहीं. अलिबागहून रेवदंड्याकडे जातांना वाटेंत आक्षी हें गांव लागतें. तेथील शिलालेख मराठींतील अगदीं जुन्या कोरीव लेखांपैकीं एक मानला जातो. शं. गो. तुळपुळे यांनीं त्याचा काल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. हें वाचन सर्वांनाच मान्य आहे असें नाहीं. परंतु आपल्या विषयापुरता तो वाद बाजूला ठेवतां येईल. त्या शिळेच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. ते केवळ शोभेसाठीं नव्हेत. लेखांत जें ठरविलें तें चंद्रसूर्य असेतोंवर चालावें, हा त्यांचा अर्थ. शाश्वतपणाला आकार नाहीं. म्हणून ‘आचंद्रार्क’ हा शब्दच कारागिरानें दगडावर उतरविला. शिलाहारांच्या काळापासूनच्या अशा ज्या शिळा उत्तर कोकणांत सांपडतात, त्यांतल्या पुष्कळांच्या पायथ्याशीं गाढवाचें एक अभद्र चित्र असतें. त्यावरून त्यांना ‘गधेगाळ’ म्हणतात. दान मोडील त्याला शाप, हा त्या चित्राचा अर्थ. अपराध मोडणाऱ्याचा, आणि विटंबना मात्र त्याच्या आईची! चिन्ह काढणारा आपल्या सोयीसाठीं कोणाच्या माथीं काय मारतो, हा प्रश्न असा जुनाच आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. चंद्र पाहून शाश्वतपणा आपोआप कोणाला सुचत नाहीं. चंद्र तर रोज कमीजास्त होतो. अर्थ चित्रांत नव्हता. तो भाषेंत आधींच रुळलेला होता, आणि चित्रानें केवळ त्याची आठवण करून दिली.

आतां अलीकडे येऊं. १९८४ मध्यें ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक बाजारांत आला. त्याच्या पडद्यावरील अनेक आकृती सुसान केअर या चित्रकर्त्रीनें बत्तीस बाय बत्तीस घरांच्या चौकटींत, एकेक ठिपका काळा कीं पांढरा हें ठरवीत काढल्या. ‘आज्ञा’ या कळीसाठीं खूण हवी होती, तेव्हां तिनें चिन्हांच्या एका कोशांतून चारी कोपऱ्यांना वेढे असलेली एक चौकोनी आकृति उचलली. स्वीडनमध्यें ती प्रेक्षणीय स्थळ दाखविण्यासाठीं वापरतात. आज्ञेचा आणि प्रेक्षणीय स्थळाचा संबंध काय? कांहींच नाहीं. तरी चाळीस वर्षें ती खूण बिनतक्रार चालली आहे. ‘जतन कर’ यासाठीं फ्लॉपी तबकडीचें चित्र रूढ झालें. सोनी कंपनीनें जपानांत त्या तबकड्यांची विक्री २०११ मध्यें बंद केली. आज महाविद्यालयांत येणाऱ्या बहुतेक मुलांनीं ती वस्तु कधीं हातांत धरलेली नसते. खुणेचा अर्थ मात्र त्यांना ठाऊक असतो. यांत नवल नाहीं. ‘शाई’ हा शब्द मूळ फारशी ‘सियाह’, म्हणजे काळा, यावरून आला. तरी आपण ‘लाल शाई’ म्हणतों. तेल मूळचें तिळाचें. परंतु आमच्या किनाऱ्यावर तें नारळाचें असतें. वस्तु जाते, आणि तिची खूण दुसऱ्याच अर्थानें नांदत राहते.

यावर कोणी म्हणेल कीं, खूण जर रूढीनेंच चालते, तर आकृति कोणतीहि चालेल. सवय झाली म्हणजे लोक शिकतील. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. रूढि सर्वांना सारखी वांटलेली नसते. ज्याच्या घरीं लहानपणापासून संगणक आहे त्याला या खुणा मातृभाषेसारख्या येतात. जिच्या हातीं हें यंत्र पन्नाशींत प्रथम आलें तिला त्या परक्याच. ‘लोक शिकतील’ या वाक्यांतले लोक कोणते, आणि शिकतांना होणाऱ्या चुकांचा दंड कोणी भरावयाचा?

आपल्या देशानें या प्रश्नाचें एक मोठें उत्तर दिलेलें आहे. १९५१ च्या जनगणनेंत साक्षरांचें प्रमाण शेंकडा १८ च्या आसपास होतें, आणि १९५१-५२ मध्यें पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हावयाची होती. निरक्षराला मत नाकारण्याऐवजीं मतपेटीला चिन्ह देण्यांत आलें. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि तिच्यावर बैलजोडी, झोपडी असें रोजच्या पाहण्यांतलें चित्र. आमच्या कुलाबा जिल्ह्यांत, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, शेतकरी कामगार पक्षाचा खटारा असाच घरोघर ओळखीचा झाला. पुढें २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ असें सांगण्याची सोय झाली. परंतु तिला चिन्ह मिळालें तें २०१५ मध्यें. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनें तें तयार केलें: मतपत्रिका, आणि तिच्यावर काळी फुली. मधल्या काळांत नकाराचा हक्क सर्वांना होता. परंतु वाचतां न येणाऱ्याला तो यंत्रावर दिसत नव्हता. जो हक्क दिसत नाहीं तो निम्माच मिळालेला असतो.

आज अलिबागच्या मासळीबाजारांत कोळिणीच्या पाटीजवळ काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट टांगलेली आढळते. ही क्यूआर खूण १९९४ मध्यें जपानांत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं निघाली. ती माणसाच्या डोळ्यांसाठीं नाहींच. ती यंत्राची लिपि आहे. तिच्यापुढें विकणारी आणि घेणारा, पदवीधर आणि निरक्षर, सारेच सारखे अडाणी. पैसे आले कीं नाहीं हें चौकटीकडे पाहून कळत नाहीं, म्हणून जवळ एक लहानशी पेटी ठेवतात. ती रक्कम मोठ्यानें सांगते. ज्या शब्दाला चित्रानें दूर सारलें, त्यालाच शेवटीं बोलवावें लागलें!

ठग लोकांचा धंदाहि याच सांध्यांतून चालतो. ‘पैसे मिळतील, गुप्त अंक घाला,’ असें ते सांगतात. वास्तविक गुप्त अंक लागतो तो पैसे देतांना, घेतांना नव्हे. परंतु देणें आणि घेणें यांत फरक जर एका बाणाच्या दिशेचाच असेल, तर तो कोणाच्या बाजूनें पाहावयाचा हें नवख्यानें कसें ओळखावें?

तेव्हां चिन्ह किती जणांनीं ओळखलें, एवढाच हिशेब काढणाऱ्यानें ठेवून भागणार नाहीं. ज्यानें ओळखलें नाहीं त्याचें काय गेलें, हा दुसरा हिशेबहि त्यानें ठेवला पाहिजे. कात्रीच्या चित्रावर चुकून बोट पडलें तर एखादी ओळ जाते, आणि ती परत आणतां येते. तेथें नुसती खूण पुरे. जेथें महिन्याची कमाई जाते, तेथें खुणेशेजारीं शब्द हवा, तो वापरणाऱ्याच्या भाषेंत हवा, आणि पाऊल मागें घेण्यास अवसर हवा. जागा थोडी आहे, शब्दानें शोभा जाते, ही सबब चालणार नाहीं. दगडावर तरी जागा कोठें विपुल होती? पण आक्षीच्या कारागिरानें चंद्रसूर्य काढून हात आवरला नाहीं. त्यांच्या खालीं त्यानें शब्दहि कोरले. ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्यासाठीं चित्र, ज्याला येतें त्याच्यासाठीं लेख. आणि दोहोंचा मेळ आहे कीं नाहीं, हें पहिल्यानें दुसऱ्याला विचारून पडताळावें. खुणेवर विश्वास ठेवावयास सांगणाऱ्यानें पडताळण्याची ही वाट उघडी ठेवणें, एवढें तरी त्याचें कर्तव्य आहे.