समुद्राची उधारी

आमच्या न्हावऱ्याला समुद्र नाही. शिरूर तालुक्यात दुष्काळी पट्टा आहे, उसाचा पट्टा आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत या दोन्ही पट्ट्यांतून धावणाऱ्या जीपगाड्यांचा धुरळा आहे. समुद्र मात्र औषधालाही नाही. सरळ रेषेत धरला तर तो पश्चिमेला दीडशेएक किलोमीटरवर आहे. पण न्हावऱ्याहून सरळ रेषेत कुठेच जाता येत नाही. आधी शिरूरला तरी जावं लागतं, नाहीतर चौफुल्याला.

त्यामुळे समुद्राशी आमचा संबंध बाजारातल्या सुकट-बोंबलापुरता आणि मिठाच्या पुडीपुरता. माळकरी घरांत नुसत्या मिठापुरताच. त्याच्याबद्दल गावाचं मतही फारसं बरं नाही. कारण पाऊस. समुद्रावरून निघालेले ढग आधी कोकणात मनसोक्त सांडतात, मग ताम्हिणीच्या घाटात पाच-सहा हजार मिलिमीटर ओततात, आणि आमच्यापर्यंत पोचेतो त्यांची अवस्था शेवटच्या पंगतीतल्या वाढप्याच्या बादलीसारखी होते. आत नुसता डाव खडखडतो. आमच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशेएक मिलिमीटर, तेही मिनतवारीने. अशा समुद्राला 'आपला मित्र' म्हणायचं, म्हणजे ज्या चुलत्याने वाटणीत फसवलं त्याच्याच घरी सत्यनारायणाला जाऊन दोनदा शिरा मागण्यापैकी आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २००८ साली ठराव करून ८ जून हा जागतिक महासागर दिन म्हणून पाळायचं ठरवलं. ठराव करताना शिरूर तालुक्याला कोणी विचारलेलं दिसत नाही. मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला. त्या दिवशी आमच्याकडे माणसाची मान वर असते. महासागर खाली असतो. दोन्हीकडे एकदम बघणं मानेच्या रचनेत बसत नाही.

असं असूनही आमच्या गावचे सतरा जण समुद्राचा उत्सव बघायला गेले आणि त्यांत मी होतो. निवृत्त झालेल्या शिक्षकाला गप्प बसता येत नाही, हे त्याचं मूळ कारण. आमचे गुरुजी निवृत्तीनंतर वाचनालय चालवतात, आणि वाचनालयात कोणी वाचत नसल्यामुळे सहली काढतात. यंदा त्यांनी वेळासचा कासव महोत्सव काढला. मिनीबस ठरली. माझ्या मामांना यात्रा एवढंच ऐकू आलं. "कासव तर काय, समद्या देवळात असतंय," असं म्हणून त्यांनी पैसे भरले.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं गाव. नाना फडणविसांचं मूळ गाव म्हणून पूर्वी इतिहासाच्या शिक्षकांना तेवढं माहीत असायचं. आता ते कासवांमुळे माहीत आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं थंडीत रात्रीच्या वेळी त्या किनाऱ्यावर येतात, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करतात, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वर वाळू सारतात आणि जी समुद्रात जातात ती परत अंड्यांकडे फिरकत नाहीत. ही अंडी पूर्वी कोल्हे-कुत्री उकरायची आणि माणसंही काढून न्यायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या मंडळींनी, २००२ च्या सुमाराला तिथे काम सुरू केलं. घरटी शोधायची, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यांत पुरायची, पन्नासेक दिवस वाट बघायची आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. पुढे काही वर्षांनी हे सोडणं लोकांना दाखवायला सुरुवात झाली, पाहुणे गावातल्याच घरांतून उतरू लागले, आणि महोत्सव झाला.

महोत्सव म्हटल्यावर आमच्या मंडळींनी कमान, लाउडस्पीकर आणि उद्घाटक धरले होते. यातलं काहीच नव्हतं. पहाटे अंधारात उठवलं. चहा दिला. सुरूच्या बनातून वाळूवर नेलं आणि एका दोरीच्या अलीकडे उभं केलं. पलीकडे कुंपण, कुंपणात रांगेने खड्डे, प्रत्येकावर तारखेची पाटी. ज्यांचे दिवस भरलेले त्यांच्यावर बांबूची टोपली उपडी घातलेली. एक तरुण मुलगा आत गेला, एकेक टोपली उचलून बघू लागला. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. शंभर माणसं श्वास रोखून उभी. शेवटची टोपली उचलून तो वळला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आज सकाळी काही नाही."

या वाक्याने जो गोंधळ उडाला तो मी जन्मात विसरणार नाही. पुण्याकडच्या एका गृहस्थांनी, काल रात्री तरी कुणी टोपलीत नीट बघितलं होतं का, असं विचारलं. एका बाईंनी, मुलाची परीक्षा बुडवून आलोय, निदान एक तरी दाखवा, अशी तडजोड सुचवली. पैसे परत मिळण्याचाही विषय निघाला. तो मुलगा शांतपणे सगळ्यांना सांगत होता, "काका, ते त्यांच्या वेळेला येतात." सरकारी कचेरीत हेच वाक्य आपण निमूट ऐकून घेतो, कासवाच्या बाबतीत मात्र सहन होत नाही.

संध्याकाळी निघाली. एका टोपलीखाली अठरा. तळहातापेक्षा लहान, काळपट, चाकं निघालेल्या खेळण्यासारखी. त्यांना पाण्याच्या थोडं अलीकडे वाळूवर ठेवलं. हाताने पाण्यात सोडत नाहीत, वाळूवरून स्वतःच्या पायांनी जाऊ देतात. ती चालू लागली. एक उलटं फिरून आमच्याकडे आलं, त्याला कोणीही हात लावायचा नव्हता. पुन्हा वळून ते बरोबर गेलं. लाट आली की चार-पाच नाहीशी व्हायची. सगळे गप्प होते. मामासुद्धा.

आता इथे आमच्या गुरुजींनी घोटाळा केला. त्यांचा शिक्षकी पेशा उफाळून आला आणि त्यांनी तिथल्या तिथे सतरा जणांना हात पुढे करून प्रतिज्ञा घ्यायला लावली: आम्ही समुद्रावर प्रेम करू. सोळा हात पुढे झाले. मामांचे खिशात.

"मामा, हात काढा की."

"कशापायी? आज सकाळी बघितला मी समुद्र. आजच पिरेम? तुझ्या मामीवर बसायला सा वरसं लागली मला."

गुरुजी म्हणाले, "अहो, त्याचे आपल्यावर उपकार आहेत. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूतला जवळजवळ निम्मा समुद्रात तयार होतो."

"मी कुटं मागितला हुता? आन् गुरजी, मला येक सांगा, समुद्राचं आपन न्हावऱ्याची मानसं काय देनं लागतो?"

बस परत निघाली तेव्हा पहिले दोन तास या प्रश्नाचा आम्ही हसून फडशा पाडला. पण घाट लागल्यावर बहुतेक लोक झोपले आणि मला झोप येईना. मामांचा प्रश्न वाटतो तितका अडाणी नव्हता. नीतीच्या पुस्तकांतून असं गृहीत धरलेलं असतं की आधी प्रेम, मग कर्तव्य. म्हणून सगळे फलक प्रेम मागतात. पृथ्वीवर प्रेम करा, नदीवर प्रेम करा, झाडांवर करा. मध्यमवर्गीय माणसाकडे प्रेमाचा एवढा साठा असता तर सोसायटीच्या मीटिंगा अशा का झाल्या असत्या? आणि जे प्रेम पिल्लू गोंडस आहे म्हणून उत्पन्न होतं, ते टोपली रिकामी निघाल्याबरोबर पैसे परत मागतं, हे आम्ही सकाळीच बघितलं होतं. शिवाय ज्यांच्यावर प्रेम करायचं त्यांतली बरीचशी समुद्रातच मरायची. हजारात एखादंच मोठं होतं असं सांगतात. इतक्या कमी टक्केवारीवर आपण मुलाला शिकवणीलाही घालत नाही.

खुद्द वेळासमध्ये तरी काय आहे? मामांनी जेवताना यजमानांना नीट विचारून घेतलं होतं. पूर्वी अंडी खायचे, विकायचे, आता राखतात. का, तर पाहुणे येतात, चार पैसे होतात. "म्हंजी कोंबडी पाळल्यावानीच," असा मामांचा निष्कर्ष. त्यावर आमच्यातल्या एका सुशिक्षित बाईंना वाईट वाटलं. त्यांना ती माणसं कासवासाठी जीव टाकणारी हवी होती. पुण्य फुकट केलं तरच पुण्य, अशी आपली एक समजूत आहे, आणि ती आपण नेहमी दुसऱ्याला लावतो. कीर्तनकार बिदागी घेतो, भटजी दक्षिणा घेतो, डॉक्टर तर आधीच घेतो. जो माणूस थंडीत पहाटे तीनला उठून, बॅटरी घेऊन, किनाऱ्यावर कासवाच्या पायांचा माग बघत फिरतो, त्याच्या मनात त्या वेळी प्रेम आहे की पुढच्या शनिवारचे पाहुणे आहेत, हे कासवाला विचारलं तर ते काय सांगेल? त्याची अंडी शाबूत आहेत. मला त्या सुशिक्षित बाईंच्या दुःखापेक्षा ती बॅटरी जास्त पटते. कोळ्यांची नारळीपौर्णिमा तरी काय निव्वळ प्रेमाची आहे? त्यात भीती आहे, धंदा आहे, खवळलेल्या दिवसांत होडी न घालण्याचं शहाणपण आहे. म्हणून तर ती टिकली.

प्रेम बाजूला ठेवलं तर मामांचा प्रश्न उघडा पडतो: देणं लागतो का? आणि देणं म्हटलं की वही उघडावी लागते.

आमच्या ओढ्यांचं पाणी कुठे जातं? आम्ही घाट चढून पश्चिमेच्या समुद्राला भेटून आलो, पण आमचं पाणी तिकडे जातच नाही. ते घोडेला नाहीतर भीमेला मिळतं, दौंडावरून उजनीत जातं, तिथून सोलापूर, कर्नाटक, रायचुराजवळ कृष्णेत, आणि कृष्णेबरोबर आंध्रातून बंगालच्या उपसागरात. आणि हा बंगालचा उपसागर आम्हांला चांगला ओळखीचा आहे! आकाशवाणीवरून आमच्या तीन पिढ्यांनी त्याचं नाव ऐकलेलं आहे: 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाल्यामुळे'. जून-जुलैत अरबी समुद्राचा पाऊस घाटात संपतो, पण सप्टेंबरात पूर्वेकडून जो येतो त्यावर आमची शाळू ज्वारी उभी राहते. म्हणजे उचल ज्या खात्यातून, फेडही त्याच खात्यात. व्यवहार चोख आहे. फक्त फेडीत आम्ही काय पाठवतो ते बघायचं: गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅगा, उसाला घातलेल्या युरियाचं धुऊन गेलेलं पाणी, औषधांच्या रिकाम्या बाटल्या.

हे मी मामांना पहाटे चौफुल्याला चहा पिताना सांगितलं. मामांना नद्या पाठ आहेत. ते म्हणाले, "तुझी पिशवी समुद्रात न्हाय जायाची. उजनीतच अडकंल." खरं आहे. बरीचशी अडकते. पण उजनीचं पाणी सोलापूरकर पितात, म्हणजे देणं लांबचं राहत नाही, उलट जवळ येतं. आणि पुरात दरवाजे उघडले की जे वाहण्यासारखं आहे ते पुढे निघतंच.

"आन् त्या कासवाचा त्यात काय संबंध? ती तर हिकडल्या समुद्रात गेली."

मामा असे कोपऱ्यात गाठतात. पण यावर मात्र माझ्याकडे उत्तर होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव बागेश्री ठेवलं. (कासवाला रागाचं नाव देणारं खातं अगदीच रुक्ष नसावं.) ही बागेश्री दक्षिणेकडे निघाली ती केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून त्याच वर्षी बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पायात नंबराचा बिल्ला अडकवला होता, ती मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. तिकडची इकडे येते, इकडची तिकडे जाते. आपण समुद्र दोन धरतो, कासवाने एकच धरलाय.

मामा बराच वेळ बशीत फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "आपल्या शेजारच्या रानवाल्याशी आपलं धा वरसं बोलनं न्हाय. पर रातच्याला मोटार चालू ऱ्हायली आन् आपलं पानी त्येच्या रानात शिरलं, तर उठून बंद करतोच का न्हाय आपन?"

"करतो."

"त्येच्यावर पिरेम हाय म्हनून?"

"नाही मामा."

"मंग झालं." आणि चहाचे पैसे त्यांनी दिले, जे सहसा होत नाही.

गुरुजींनी आल्याबरोबर वाचनालयात बैठक बोलावली. न्हावऱ्यात महासागर दिन साजरा करायचा, ओढा स्वच्छ करायचा, मुलांना कासवाची चित्रं काढायला लावायची, असा ठराव होता. ८ जूनवर गाडं अडलं. एकाने सांगितलं, मृगाच्या दिवशी गावात कोणी मोकळं नसतं. दुसऱ्याने सांगितलं, पावसाने ओढ दिली तर सगळेच मोकळे असतात, पण मग कोणी हसतसुद्धा नाही. मामा भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, "आठ जूनला काय गोळा करनार? पयलं पानी आलं की समदं दौंडाला पोचलेलं आसतंय. मे महिन्यातच उरकाया पायजे."

ते सर्वांना पटलं. मे महिन्यातला शेवटचा रविवार ठरला, पोती कारखान्याच्या रस्त्यावरच्या दुकानातून आणायची ठरली. मे महिन्यात केलेल्याला महासागर दिन म्हणता येईल का, यावर गुरुजी अजून अडून आहेत, आणि फलक रंगवणारा रोज विचारून जातो.