आसऱ्याच्या दारातला प्रश्न

बेघर तरुणांना निवारा शोधून देणारे ॲप करायचे, तर ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना आधी विचारावे, ही रीत आता रुळली आहे. ॲप घडवणारा गट निवारागृह चालवणाऱ्या संस्थेकडे विनंती पाठवतो: अमुक वयाचे इतके तरुण हवेत, प्रत्येकाची तासभर मुलाखत घ्यायची आहे, प्रश्न असे असे आहेत. संस्था ती विनंती मंजूर करते, पुढे ढकलते किंवा नाकारते. वरवर पाहता हे वेळापत्रक लावण्याचे काम आहे. त्याच्या तळाशी मात्र धर्मविचाराइतका जुना प्रश्न आहे. आज रात्री कुठे झोपायचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याची हकीकत विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, तो केव्हा वापरावा, आणि सांगणाऱ्याच्या पदरात काय पडावे?

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा विचार अतिथिधर्माच्या अंगाने झाला. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला अतिथीला देव मानण्याची आज्ञा आहे. पराशरस्मृती याहून नेमके सांगते: दारी आलेल्याचे गोत्र, वेदशाखा, अध्ययन यांची चौकशी यजमानाने करू नये. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हाच नियम उलट बाजूने येतो. जेवण मिळावे म्हणून आपले कुळ-गोत्र सांगणाऱ्या ब्राह्मणाला तिथे कठोर शब्दांत दोष दिला आहे. विचारणे यजमानाला शोभत नाही आणि सांगून मिळवणे पाहुण्याला शोभत नाही, असा हा दुहेरी संकोच आहे. होमरच्या ‘ओडिसी’तही हीच शिस्त दिसते. पित्याच्या शोधात निघालेला तरुण टेलेमाकस पायलॉसला पोचतो, तेव्हा वृद्ध नेस्टर त्याचे जेवण होऊ देतो आणि मगच तो कोण, कुठला हे विचारतो.

परंतु हा नियम सर्वांसाठी नव्हता. मनुस्मृतीत लगेच पुढच्या श्लोकांत ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी ठरत नाही, आणि वैश्य व शूद्र यांना नोकरांबरोबर जेवू घालावे असे सांगितले आहे. समोरचा कोण हे कळल्याशिवाय अशी प्रतवारी करता येत नाही. न विचारण्याचा आदर्श आणि विचारून वर्गवारी करण्याची व्यवस्था एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातली सत्यकाम जाबालाची कथा याच संदर्भात वाचण्यासारखी आहे. गुरुगृही राहू इच्छिणाऱ्या मुलाला हारिद्रुमत गौतम हे गुरू त्याचे गोत्र विचारतात. तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करत फिरत असल्याने आपल्याला ते ठाऊक नाही, असे आई जबालेने सांगितलेले असते. मुलगा तेच जसेच्या तसे सांगतो. गौतम त्याच्या सत्यनिष्ठेवरून त्याची योग्यता ठरवतात आणि त्याला ठेवून घेतात. कथा सत्याचा गौरव म्हणून सांगितली जाते आणि तो गौरव रास्तच आहे. आसरा मागणाऱ्याच्या जागी उभे राहून ती वाचली, तर आणखी एक गोष्ट दिसते: प्रश्न विचारणाऱ्याने काहीच पणाला लावले नव्हते, उत्तर देणाऱ्या मुलाने मात्र स्वतःबरोबर आईची अब्रूही पणाला लावली होती. समोर गौतम होते म्हणून निभावले.

समोर गौतम नसतील तर काय होते, याची नोंद बडोद्याच्या इतिहासात आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची, असा करार होता. तो पाळण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्याला आले, तेव्हा त्यांचे वय २६ होते. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे ओळखून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. अंगावर पारशांची धर्मचिन्हे असलेले सदरा आणि कस्ती नाहीत हे पाहताच तिथल्या रखवालदाराने ते कोण आहेत असे विचारले. ती जागा फक्त पारशांसाठी होती. अखेर वहीत पारशी नाव लिहायचे आणि राहण्या-जेवणाचा रोज दीड रुपया द्यायचा, अशी तडजोड झाली. वरच्या मजल्यावर अडगळीच्या खोलीत, वटवाघळांच्या सोबतीने त्यांनी रात्री काढल्या. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम मिळाला. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत बसून काढले. २३ सप्टेंबर हा दिवस त्या घटनेची आठवण म्हणून संकल्प दिन पाळला जातो.

हा अनुभव आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात १९३५-३६ च्या सुमारास, सुमारे १८ वर्षांनी लिहिला. सांगायचे केव्हा, कोणाला आणि किती, हे त्यांनी स्वतः ठरवले. निवाऱ्यासाठी मुलाखत देणाऱ्या तरुणाला नेमके हेच स्वातंत्र्य नसते.

धर्मशाळेच्या त्या वहीतून ॲपच्या कर्त्यांनी घेण्यासारखा बोध अगदी व्यवहारी आहे. ओळख सांगितल्याशिवाय दार उघडत नसेल, तर गरजू माणूस खोटी ओळख सांगतो. हा त्याच्या स्वभावातला दोष मानता येत नाही; अट घालणाऱ्याने त्याला तिथे आणून उभे केलेले असते. अशा नोंदींवर उभारलेले संशोधनही मग खोटेच ठरते. मारहाणीमुळे घर सोडलेला मुलगा गावाचे नाव बदलेल, वय वाढवून सांगेल, कारण खरे उत्तर त्याला पुन्हा त्याच घरी पोचवू शकते.

म्हणून विनंतीतले प्रश्न दोन गटांत वेगळे काढावे लागतात. तू कोण, घर का सोडलेस, आईवडील काय करतात, हे माणसाविषयीचे प्रश्न झाले. त्यांतून पात्रता ठरते. रात्री किती वाजेपर्यंत आत घेतात, सामान कुठे ठेवतोस, फोन कुठे चार्ज करतोस, कोणत्या निवारागृहात पुन्हा जायची भीती वाटते, हे निवाऱ्याविषयीचे प्रश्न. यांत तपासणी व्यवस्थेची होते आणि तरुण तिचा जाणकार म्हणून बोलतो. दुसऱ्या गटातले प्रश्न विचारणे हे ॲप करणाऱ्यांचे कर्तव्यच आहे. ओटीपीवर चालणारे ॲप, सिमकार्ड वारंवार बदलणाऱ्या किंवा एकच फोन तिघांत वापरणाऱ्या मुलांच्या काय उपयोगाचे? लग्नसराईत वाढप्याचे काम करणारा मुलगा मध्यरात्री सुटतो आणि निवारागृहाचे दार दहाला बंद होते, हे त्याला विचारल्याखेरीज नकाशावर दिसणार नाही. न विचारता केलेली मदत अनेकदा मदत करणाऱ्याच्याच सोयीची होते. ‘विचारूच नये’ हा जुना अतिथिधर्म इथे अपुरा पडतो. एका रात्रीच्या पाहुण्यापुरता तो ठीक होता. रोजच्या रात्रीची व्यवस्था लावायची, तर तिथे राहणाऱ्याचे ऐकावेच लागते.

ऐकायचे कशाच्या बदल्यात, हा पुढचा मुद्दा. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने दिलेले दान सात्त्विक. उलट काही मिळावे या हेतूने दिलेले राजस. मुलाखत दिली तर खाट मिळेल, किंवा मुलाखत देणाऱ्याला आधी खाट मिळेल, असे सूचित करणारी प्रत्येक विनंती या कसोटीवर राजस ठरते. तिथे हकीकत हेच निवाऱ्याचे भाडे होते. शिवाय निवारा ही कोणाची मेहेरबानीही राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनुसार शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक, चोवीस तास चालणारे निवारागृह असायला हवे. २०११ च्या जनगणनेत बडोद्याच्या, म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या, महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १६ लाखांवर होती. त्या हिशेबाने किमान १६ निवारागृहे हा या शहरातील बेघरांचा हक्क ठरतो. हक्काच्या वस्तूसाठी कहाणीचे मोल मागणे अन्यायाचे आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की धरली पाहिजे. निवारा मोबदल्यात द्यायचा नाही, तशी माहितीही फुकट घ्यायची नाही. तासभर बसून व्यवस्थेतले दोष समजावून सांगणारा तरुण काम करत असतो, आणि त्या तासाची त्याची मजुरी बुडते. तिची भरपाई रोख, त्याच दिवशी आणि मुलाखत अर्ध्यावर सोडली तरी पूर्ण मिळावी. निवाऱ्याचा हिशेब आणि श्रमाचा हिशेब वेगळा ठेवला, तरच माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये या कांटच्या १७८५ मधल्या तत्त्वाला व्यवहारात काही अर्थ उरतो.

संमतीचा प्रश्न मात्र तत्त्वज्ञानालाही सहज सुटणारा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची पडताळता येणारी संमती लागते. नियम मुलाच्या रक्षणासाठी आहे. पण बापाच्या मारामुळे पळालेल्या मुलाबाबत ती संमती बापाकडेच मागायची काय? बालगृहाचा अधीक्षक पालकाच्या जागी असेल, तर मुलाची खाटही त्याच्याच हाती असते आणि मुलाचा होकार मोकळा राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीबरोबर मुलाची स्वतःची अनुमतीही मागितली आहे, १२ ते १८ या वयात ती लेखी. मूल अजाण आहे म्हणून त्याचा नकार दुय्यम ठरत नाही, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे.

गुप्ततेचेही तसेच. मुलाखत घेणारे ‘हे आपल्या दोघांतच राहील’ असे सहज बोलून जातात. तसे वचन देण्याचा त्यांना अधिकार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवावीच लागते; निराधार किंवा हरवलेले मूल ज्याच्या ताब्यात येते, त्याने २४ तासांत यंत्रणेला कळवण्याचे बंधन २०१५ च्या बाल न्याय कायद्याने घातले आहे. म्हणून काय गुप्त राहील आणि काय राहू शकत नाही, हे पहिल्या प्रश्नाआधी मुलाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, मग ती गुजराती असो, मराठी असो वा हिंदी. ते ऐकून तो उठून गेला, तर त्या जाण्याचा मान राखायचा.

या अडचणीतून निघणारी वाट अशी, की शक्य तेथे आधी १८ ते २१ वयाच्या तरुणांकडे जावे. बालगृहातून वयोमर्यादेमुळे बाहेर पडलेल्यांसाठी बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. सोळाव्या वर्षी काय हवे होते हे एकोणीस वर्षांचा तरुण सांगू शकतो, आणि संमतीही स्वतःची स्वतः देऊ शकतो. सोळा वर्षांच्या मुलाला विचारण्याची वेळ त्यानंतरच, आणि तेही दुसऱ्या कोणाकडूनच कळणार नाही अशा गोष्टीपुरती, यावी.

उरतो न्याय्य वाटपाचा मुद्दा. अमेरिकेतील १९७९ च्या बेलमाँट अहवालाने संशोधनासाठी आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. त्यांतल्या न्यायाचा अर्थ, केवळ हाताशी आहेत म्हणून त्याच त्या लोकांवर संशोधनाचा भार टाकू नये. बडोद्यात विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा आहे, तंत्रशिक्षण संस्था आहेत, उद्योगांचे निधी आहेत. विनंत्या अनेक दिशांनी येऊ शकतात आणि नीट बोलणारी चार मुले मात्र तीच असतात. मुंबईहून येणारा लोहमार्ग जिथे अहमदाबाद आणि रतलाम अशा दोन दिशांना फुटतो, त्या जंक्शनवर उतरलेला, कोणाशीच न बोलणारा मुलगा कोणत्याच यादीत नसतो. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ज्ञानविषयक अन्यायाची मांडणी करताना बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे त्याच्या शब्दाला कमी वजन मिळते, हे दाखवले. जे मूल विचारलेच जात नाही, त्याच्या शब्दाला तर वजनच नाही. म्हणून संस्थेने कोणाला, कधी, काय विचारले याची एक नोंद ठेवावी. आधी मिळालेल्या उत्तरांतून भागत असेल, तर नव्या गटाला मुलाखतींऐवजी, ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्या परवानगीने, तीच उत्तरे नावे वगळून द्यावीत.

विनंती मंजूर करताना शेवटी एकच गोष्ट लेखी मागावी: या उत्तरांमुळे ॲपमध्ये किंवा निवारागृहात काय बदलू शकते आणि तो बदल मुलांना कोण, कधी येऊन सांगणार. ज्या गटाला हे सांगता येत नाही, त्याची विनंती परत पाठवावी. हा निर्णय घेणाऱ्यांत निवारागृहात राहिलेला किमान एक तरुण असावा आणि त्याच्या नकाराला अंतिम नकाराचे बळ असावे. बडोद्यातल्या संस्थांनी याची सुरुवात पुढच्या येणाऱ्या विनंतीपासून करावी.