दिवा मालवताना

आपल्या घरांतून दिवा कोणी विझवीत नाही. तो मालवतात, शांत करतात, किंवा त्याला निरोप देतात. ‘विझव’ म्हणणाऱ्या पोराला आजी डोळे वटारून गप्प करते. पणत्यांच्या रांगा अंगणात तेवत असताना मालवण्याचा विषय काढणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. पण प्रश्न माझा नाही. तो माझ्या पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीचा आहे. गेल्या मार्चमध्ये कोकणच्या किनाऱ्यावर तिने विचारले, “आजोबा, सगळे दिवे बंद केले तर आपल्याला दिसणार काय?” तिला तेव्हा मी गोष्टीत गुंतवले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर मनमाडपर्यंत आला.

आम्ही गेलो होतो ते बिऱ्हाड पाठीवर घेऊनच. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हापासून पुतण्याच्या मनात हे खूळ होते. अखेर त्याने भाड्याने एक गाडी आणली. तिच्यात निजायला बाके, गॅसची शेगडी, भांडी घासायची मोरी आणि कोपऱ्यात न्हाणीघर! मुले खिडक्यांचे पडदे ओढून पाहू लागली. मी आधी पाण्याची टाकी किती मोठी ते विचारले. वर्षानुवर्षे नळाची वाट पाहिलेला मनमाडचा माणूस स्वर्गात गेला तरी प्रथम टाकीच पाहील.

घर सोबत असले की प्रवासातली निम्मी भीती जाते, हे खरे. कुठे उतरायचे, काय खायचे, अंथरूण स्वच्छ असेल का, या चिंता उरत नाहीत. पण बागमांडल्याला फेरीबोटीवर गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडताना माझ्या मनात एक शंका आली. ज्याचा चहा, उशी आणि दिवा त्याच्याबरोबर चालतो, तो घराबाहेर पडला असे म्हणायचे का? विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. पण तो विंचू कुठेही गेला तरी विंचूच राहतो.

मनमाडकराला ही शंका जरा लवकर येते, त्यालाही कारण आहे. आमचे गाव लाखो लोकांनी पाहिले आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. शिर्डीला जाणारे इथे उतरतात, कोणी गाडी बदलतात, कोणी खिडकीतून अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले मुलांना दाखवतात. गाडी सुटते. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या घरी लग्न आहे की आजारपण, हे त्या खिडकीला कळत नाही. आपण कोणाच्या तरी खिडकीतले चित्र आहोत, ही भावना आम्ही बाळपणापासून ओळखतो. म्हणून स्वतः खिडकीत बसल्यावर जरा संकोच वाटतो.

बाणकोट मागे टाकून आम्ही वेळासला पोचलो. नाना फडणविसांच्या घराण्याचे हे गाव. आता त्याची कीर्ती कासवांमुळे आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परतते. पिले तिच्या दृष्टीस कधीच पडत नाहीत. पूर्वी ती अंडी लोक काढून नेत. कोणी खाई, कोणी विकी. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे काम सुरू केले, आणि हळूहळू गावच राखणदार झाले. आज अंडी कुंपणाआड पुरून जपतात. दीडेक महिन्याने पिले वर आली की ती समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडतात; शेवटची वाट त्यांची त्यांनी चालायची असते.

आमच्या यजमानीणबाईंनी आल्या आल्या बजावले, “काका, रात्री समुद्राकडे उजेड नको हं. गाडीचासुद्धा नको.” त्यांनी कारणही सांगितले. वाळूतून निघालेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालते. माणसाचा दिवा नसेल, तर रात्रीची सर्वांत उजळ कड समुद्राची असते. किनाऱ्यावर दिवा पेटला की ते त्याला समुद्र समजते, गावाकडे वळते आणि मरते. अंडी घालायला येणारी मादीही उजेड पाहून पुष्कळदा तशीच माघारी फिरते.

आमच्या त्या चालत्या घराला पुढे, मागे आणि आत मिळून किती दिवे होते ते मी मोजले नाही. ते सारे मालवले, तेव्हाच मुलीने तो प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिले दिसली. तळहातावर मावतील एवढी, काळसर, वाळूवर वल्ही मारल्यासारखी जाणारी. दोरीपलीकडे माणसे उभी होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते. समुद्री कासवाला मान आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत, हे मला तिथे समजले. घर पाठीवर आहे, पण त्यात दडता येत नाही! आम्ही मात्र पडदे ओढून आमच्या घरात दडू शकत होतो.

पुढे हर्णैकडे होडीतून डॉल्फिन पाहायला गेलो. पाठ दिसली की होड्यांतून आरोळी उठे आणि यंत्रे तिकडे धावत. तो प्राणी काही आपल्याला दर्शन द्यायला वर येत नाही. त्याला श्वास घ्यायचा असतो. आपण टाळ्या वाजवतो त्या त्याच्या श्वासाला. मी होडीवाल्याला म्हटले, “दादा, जरा यंत्र बंद करून थांबू या का?” तो हसून थांबला. बराच वेळ काही दिसले नाही. मग दूर एक पाठ वर आली आणि गेली. मुले हिरमुसली, मला तेवढे पुरे होते.

तर मग पाहायला जाऊच नये काय? असे म्हणणे सोपे आहे, आणि ढोंगीपणाचे आहे. पाहुणे येतात म्हणून वेळासच्या घरांत चार पैसे येतात, आणि कासव जिवंत असण्यात गावाचे हित गुंतते. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. केवढा हा प्रवास! कोणी तरी जाऊन निरखले, म्हणूनच तो जगाला कळला. डोळे मिटून घेणाऱ्या जगात कासवे वाचली नसती.

दोष पाहण्यात नाही. पाहण्यामागून येणाऱ्या हव्यासात आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पंचवटीची कथा कोणाला ठाऊक नाही? सोन्याचा मृग दिसला, इथपर्यंत काहीच बिघडले नव्हते. तो हवासा वाटला, जिवंत नाही तर निदान कातडे तरी, आणि तिथून रामायण घडले. आपले हरिण आज कातड्याऐवजी छायाचित्रात मागितले जाते, एवढाच फरक. आणि त्या हरणासाठी कोकणातही जायला नको. मनमाडशेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत. उन्हाळ्यात पाण्यासाठी ते रस्ते ओलांडतात. तिथल्या रस्त्याने रात्री जाताना गाडी सावकाश हाकणे, हे त्यांना न पाहताही त्यांच्यासाठी करता येते.

म्हणून त्या मुलीला आता उत्तर देता येईल असे वाटते. बाळ, दिवे बंद केल्यावर आपल्याला कमी दिसते, हे खरे. पण त्या वेळी दुसऱ्याला त्याची वाट दिसते. पाहुणा म्हणून कुणाच्या दारी जायचे तर आपला थोडा उजेड उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो. ते पाहण्याचे मोल आहे. जो ते देत नाही, तो घरासकट हजार मैल फिरला तरी आपल्याच दिव्याखाली बसलेला असतो.

दिवाळीत दिवे लावा, भरपूर लावा. अंधार घालवणे हे माणसाचे जुने आणि चांगले काम आहे. पण सगळाच अंधार आपला शत्रू नव्हे. काही अंधारात कोणाचा तरी रस्ता असतो. लावणाऱ्या हाताला मालवण्याची वेळही कळावी, एवढेच लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी मुलांच्या वतीने मागणार आहे.