वस्तूला मान, हाताला काय?

दोस्तहो, एक सवाल सरळ टाकतो. वस्तूला मान दिला म्हणजे ती घडवणाऱ्या हाताला मान दिला, असं होतं का? कुणी म्हणेल, ह्यात विचारायचं काय हाय, वस्तू हातातूनच आली ना? पण जातीच्या मुलखात वस्तू आणि हात यांच्यामधी एक भिंत असते. वस्तू भिंतीवरून पलीकडं जाते. हात अलीकडंच राहतो.

दिवाळीच्या तोंडावर आता गावोगाव कलाकार-कारागिरांचा बाजार भरतो. शाळेचं मैदान नाहीतर मंगल कार्यालय. आकाशकंदील, पणत्या, उटणं, हातमागाच्या साड्या, कोल्हापुरी चप्पल. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर हाय. सुटीच्या दिवशी अशा बाजारात फिरतो, आपल्या हातचं सूत कुठवर जातंय ते बघायची खोड. गेल्या दिवाळीत एका बाजारात बघितलं. मेणबत्त्या रंगवणाऱ्या बायांना टेबल, खुर्ची आणि मागं नावाची पाटी, खाली 'आर्टिस्ट'. चप्पलवाल्या म्हाताऱ्याला जमिनीवर पोतं. त्याच्या मागची पाटी 'पारंपरिक कारागीर'. नाव नाही. पुढ्यात रापी, आरी मांडलेली. डोक्याला संयोजकांनीच दिलेला फेटा.

मी म्हटलं, "मामा, वर बसा की, खुर्च्या रिकाम्या हायत."

म्हातारा म्हणाला, "खालीच बस म्हणाल्यात गा. वर बसलो तर फोटो चांगला येत न्हाई म्हणं."

त्या फोटोला म्हाताऱ्याचं कसब नको होतं. त्याचा जन्म पाहिजे होता. एकीची कला ही तिची आवड, दुसऱ्याची कला ही त्याची परंपरा. आवडीला नाव असतं, परंपरेला जात असते. तोंडानं कुणी बोलत नाही, एवढंच.

आणि कसब काय थोडं आहे? बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं कमवायचं. खिळा न मारता चामड्याच्या वादीनं शिवायचं. वेणी घालायची, ती बहुतेक घरच्या बायकांनी. चपलेच्या जातींना नावं आहेत : कापशी, पायताण, बक्कलनाळी, कचकडी. डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार. म्हणजे भूगोलाला मान मिळाला. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानला प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल मिरवली, कोल्हापूरचं नाव न घेता. महाराष्ट्र खवळला, 'आमची कोल्हापुरी!' कंपनीला कबूल करावं लागलं. खवळला ते बरंच झालं. पण ज्या चपलेला 'आमची' म्हणून छाती बडवली, ती शिवणाऱ्याला 'आमचा' म्हणून कधी घरात घेतलं?

आपल्या पोरांत यावर दोन तट हायत. एक म्हणतो, सोडा सगळं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं आणि मेलेल्याचं मांस खायचं सोडा म्हणून बजावलं. मग ही रापीसुद्धा पंचगंगेत फेका. दुसरा म्हणतो, का फेकायची? ही आपली कला हाय, अभिमान धरा. पहिल्याला कलेत गुलामीच दिसते. दुसऱ्याला गुलामीत कलाच दिसते.

मला ह्याचं उत्तर गिरणीच्याच इतिहासात सापडलं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथं अस्पृश्याला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपले ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. लाल बावट्याखाली खांद्याला खांदा, पण धोट्याला ओठ नको! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. कातडं तूच कमवायचंस. धोटा तू धरायचा नाहीस. एकाच व्यवस्थेचे हे दोन हुकूम. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिभेद निर्मूलना'त दाखवलं की जात नुसतं काम वाटत नाही, कामगारच तोडून वाटते. म्हणजे गुन्हेगार रापी नाही आणि धोटाही नाही. गुन्हेगार तो हुकूम. म्हणून मुक्तीलाही दोन दारं पाहिजेत : नको ते काम सोडून बाहेर पडायचं एक, पाहिजे त्या कामात शिरायचं दुसरं. चांभाराच्या पोराला चप्पल नाकारता आली पाहिजे. आणि मनापासून शिवायची असली तर नावाच्या पाटीखाली, खुर्चीवर बसून शिवता आली पाहिजे.

कुणी म्हणेल, पोटात आग असताना निवड कसली? आक्षेप खरा हाय. म्हणून नावाच्या आधी भाव. पाटी लावली, खुर्ची दिली आणि भाव पाडला, तर ती नुसती शोभा. कुठल्याही बाजारात शिरताना तीन सवाल विचारा. हे काम नको म्हणायची सोय घडवणाऱ्याला आहे का? भाव कोण ठरवतो? नाव कुणाचं लागतं? तिन्हीचं उत्तर मिळालं तर तो कलेचा बाजार. नाहीतर बलुतं, फक्त रोख पैशातलं.

आणि हे सवाल स्वतःलाही लावा. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आपलाही बाजार भरतो. पुस्तकं, कॅलेंडरं, तसबिरी, बुद्धाच्या-बाबासाहेबांच्या मूर्ती, गाणी. तो मला सगळ्यांत मोकळा बाजार वाटतो, कारण तिथलं एकही काम आपल्याला जन्मानं चिकटवलेलं नव्हतं. पुस्तक तर आपल्याला बंदच होतं. पण तिथंही आपण मूर्ती घेतो, ती कुणी घडवली ते विचारत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी गल्लीगल्लीत वाजतात, गाणाऱ्या कितीजणांना ती कुणाची हे ठाऊक असतं? पोटाला चिमटा काढून छापलेलं कवितेचं पुस्तक हातात घेऊन आपलाच कार्यकर्ता म्हणतो, "अर्ध्यात दे की, आपलाच हाईस." आपला आहे म्हणून फुकट, ही भाषा गावच्या पाटलाची. ती आपल्या तोंडात शोभत नाही.

येत्या जयंतीला स्टॉल लावाल तेव्हा एवढं करा. प्रत्येक वस्तूवर घडवणाऱ्याचं नाव लिहा. भाव त्यालाच ठरवू द्या. आणि जो कुणी घडवणारा तिथं येईल, त्याला आधी खुर्ची द्या.

जयभीम.