पाने किती झाली?



मूल मकतबमधून घरी परतले की आपण विचारतो, "आज सबक कोठपर्यंत आला?" शाळेतून आले की विचारतो, "किती धडे झाले?" दोन्ही प्रश्न मोजमापाचे आहेत. वाचले त्यात काय होते, हे विचारणारे घरात बहुधा कोणी नसते. परिणामी आपले मूल अरबी, उर्दू आणि मराठी सफाईने वाचते. परंतु पाठ्यपुस्तकातील उतारा खणखणीत वाचून झाल्यावर 'आता तुझ्या शब्दांत सांग' म्हटले की मान खाली घालते.

कुरआन पठणाचे पुण्य निर्विवाद आहे. एकेका अक्षरामागे दहा नेकींचे अभिवचन हदीसमध्ये आलेले आहे. तथापि त्याच ग्रंथाने सूरह साद (३८:२९) मध्ये स्वतःच्या अवतरणाचा उद्देश सांगितला आहे, तो आयतींवर चिंतन व्हावे असा. अबू अब्दुर्रहमान अस्-सुलमी (रह.) सांगतात की, त्यांना कुरआन शिकवणारे सहाबा दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण आत्मसात केल्याखेरीज पुढील दहा आयतींकडे वळत नसत. आपल्याकडे मात्र खत्मची मिठाई वाटण्याची घाई असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण्याची रीत पाहा. सहीह बुखारीतील ज्ञानाच्या प्रकरणात आहे की, त्यांनी सहाबांना एक कोडे घातले : ज्याची पाने गळत नाहीत आणि जे मुस्लिमासारखे आहे, असे झाड कोणते? लोक रानातील झाडे आठवू लागले. बालवयातील अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात खजूर आले होते, पण थोरांपुढे बोलण्यास ते लाजले. शेवटी उत्तर प्रेषितांनीच दिले. नंतर मुलाने ही गोष्ट पित्याला सांगितली, तेव्हा हजरत उमर (रजि.) उद्गारले की, तू ते बोलला असतास, तर ते मला अमुक-अमुक संपत्तीहून प्रिय वाटले असते. मुलाच्या समजुतीचे एवढे मोल करणारा पिता असला की मूल पुढच्या वेळी बोलते.

"आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय विचारणार?" असे अनेक माता म्हणतात. विचारण्यासाठी अक्षरओळख लागत नाही, ऐकण्याची इच्छा लागते. स्वतः प्रेषितांनी (स.) अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांना कुरआन वाचून दाखवण्यास सांगितले. ज्यांच्यावर तो अवतरला त्यांना मी काय ऐकवू, असा संकोच त्यांनी व्यक्त केला, तेव्हा दुसऱ्याच्या मुखातून ऐकणे मला आवडते, असे उत्तर मिळाले. आई भाकरी थापता थापता धडा ऐकू शकते आणि मध्येच थांबवून विचारू शकते, "मग त्या मुलाने असे का केले असेल?" मात्र उत्तर चुकले तर हसू नये. परीक्षा शाळेत पुष्कळ होतात.

सुरुवात सूरह यूसुफपासून करावी, असे मी सुचवीन. शुक्रवारी मकतबला सुट्टी असते. तेव्हा गुरुवारी रात्री दस्तरखान उचलल्यावर मुलाकडून तिचा मराठी किंवा उर्दू अनुवाद थोडा थोडा वाचून घ्यावा. काही आठवड्यांत कथा पूर्ण झाली की विचारावे, या कथेत सदरा किती वेळा येतो? एकदा खोट्या रक्ताने माखून, एकदा मागून फाटून आणि एकदा पित्याच्या मुखावर टाकला जाऊन. हे मुलालाच शोधू द्यावे; पाने मागे उलटावी लागली तरी चालेल. मग पुढचे प्रश्न. सदरा पुढून फाटला असता तर कोण खोटे ठरले असते? लांडग्याने मुलाला खाल्ले म्हणतात, मग याकूब (अ.) यांनी त्यावर विश्वास का ठेवला नाही? जुन्या भाष्यकारांनी येथे नोंदवले आहे की, सदऱ्यावर रक्त होते, पण दाताची खूण नव्हती. हे लगेच सांगू नका. मुलाला विचार करू द्या, धाकट्याला आधी बोलू द्या, आणि त्या रात्री उत्तर आले नाही, तर प्रश्न पुढच्या गुरुवारपर्यंत तसाच राहू द्या.