शब्द टाकावा, पण कोणासाठी?

‘शब्द टाकणे’ हा मराठीतील मोठा अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. एखाद्यासाठी शब्द टाकणे म्हणजे त्याच्यामागे आपली पत उभी करणे. याच भाषेने ‘वशिल्याचे तट्टू’ असा उपहासही घडविला आहे. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींच्या घरी नित्य उभा राहतो. परंतु त्याचा नैतिक अंगाने विचार क्वचितच होतो. तो करण्याचा येथे आमचा प्रयत्न आहे.

हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः शेतीवर जगतो. वसमतची हळद दूरवर ओळखली जाते. पदवी हाती आली की कळमनुरीचा वा सेनगावचा विद्यार्थी पुण्याकडे पाहू लागतो. पुण्यात वाढलेल्या मुलाचा मामा कंपनीत असतो, शेजारी कंपनीत असतो, मित्राचे वडील कंपनीत असतात. जागा निघणार ही वार्ता त्याच्या कानी जेवता जेवता पडते. सेनगावच्या मुलाचे गुण तेवढेच असतील, पण त्याचे आप्त शेतकरी, शिक्षक वा दुकानदार असतात. औंढा नागनाथजवळील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. जगाचे विज्ञान असे उंबरठ्याशी येऊ शकते, आणि तरीही त्या उंबरठ्याशी वाढलेल्या मुलाला त्या जगातील एकही माणूस ओळखीचा नसू शकतो.

खासगी कंपन्यांत शिफारशीची पद्धत आता उघड व नियमबद्ध झाली आहे. ‘रेफरल’ म्हणतात ते हेच. जागा निघाली की कर्मचारी आपल्या माहितीतील उमेदवाराचे नाव व बायोडेटा कंपनीकडे रीतसर नोंदवितो. त्यामुळे अर्जांच्या ढिगातून तो अर्ज वर येतो, निदान वाचला जातो. मुलाखत मात्र द्यावीच लागते. उमेदवार रुजू होऊन ठरावीक काळ टिकला, तर अनेक कंपन्या शिफारस करणाऱ्यास बक्षीसही देतात. सरकारी नोकरीची गोष्ट निराळी. तेथे राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने समान संधीची हमी दिली आहे. तेथे शब्द टाकणे हा इतरांच्या हक्कावर घाला ठरतो.

शिफारशीची ही रीत निर्दोष नाही, हे मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासावरून दिसते. तेथे कामगारभरती जॉबरच्या हाती होती. त्याने कोकणातून, घाटावरून आपल्या गावची माणसे आणली आणि अनोळखी शहरात त्यांना आधार दिला, हे खरे. पण त्याच हाताने तो दस्तुरीही घेई; आणि ज्याला जॉबर नाही, त्याला गिरणीचे दार उघडणे कठीण जाई. १९३१ च्या व्हिटले आयोगाने या प्रथेवर टीका केली आणि १९३५ मध्ये जॉबरच्या सत्तेला आवर घालण्यासाठी बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आली. शिफारस केवळ गोतावळ्यात फिरू लागली की ती जातीचे, गावाचे, पंथाचे कुंपण बनते. आपला लहानसा समाजही याला अपवाद नाही.

मग शिफारस त्याज्य मानावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. शिफारस ही मुळात साक्ष आहे. शौल यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले. त्या वेळी बर्णबाने शौलाचे कूळ सांगितले नाही. दमास्कसमध्ये त्याने कोणते धैर्य दाखविले, ते सांगितले. दुसरी कथा हिंगोलीच्याच मातीतील आहे. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. विठ्ठलाच्या इतक्या निकटचा हा भक्त. पण गोरोबा कुंभारांनी थापटण्याने पारखून त्यांना कच्चे मडके ठरविले आणि ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले, अशी परंपरा आहे. जवळीक हा परीक्षेला पर्याय नव्हे, हेच ती सांगते. वशिला परीक्षा चुकवितो; खरी शिफारस परीक्षेपर्यंत पोहोचविते.

यातूनच विद्यार्थ्याचे कर्तव्य निघते. ‘मला कोठेतरी लावा’ या विनंतीत साक्ष देण्याजोगे काहीच नसते. आधी नेमकी जागा पाहावी. तिला लागणारे कोणते काम आपण केले आहे, ते चार ओळींत लिहावे आणि ते काम दाखवावे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की नोकरीची वार्ता अनेकदा जिवलगांकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून येते. कारण जिवलगांना ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. म्हणून महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, प्राध्यापकांचे जुने शिष्य, गावाहून शहरात गेलेली मंडळी यांना निःसंकोच लिहावे. पहिल्याच पत्रात नोकरी न मागता, त्यांच्या कामाविषयी पंधरा मिनिटे बोलण्याची विनंती करावी. नकार आला तर रुसू नये. होकार मिळाला तर पुढे काय झाले ते कळवावे. शिफारशीसाठी पैसे मागणारा मात्र जुन्या दस्तुरीचाच वारस समजावा आणि त्याला दूर ठेवावे.

याहून मोठे कर्तव्य नोकरीत स्थिरावलेल्यांचे आहे. समजा, एकाच जागेसाठी आपल्या बहिणीचा मुलगा आणि गावाकडची एक अनोळखी मुलगी, दोघांनीही आपल्याला लिहिले. बहिणीचे मन मोडणे अवघड, हे आम्ही जाणतो. अशा वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: याचे काम मी पाहिले आहे काय? हा माझा कोणी नसता, तरी मी हेच लिहिले असते काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर भाच्यासाठी शब्द टाकण्यात पाप नाही. परंतु त्या मुलीचे काम पाहावयास अर्धा तासही न देता तिला ‘मी ओळखत नाही’ म्हणून परत पाठविणे, हा अन्याय आहे. ओळख नाही हा तिचा दोष नव्हे. ती करून घेणे आपल्या हाती आहे.

आपल्या पॅरिशमधून शिकून शहरांत गेलेल्यांनी वर्षातून एक दिवस गावाकडील मुलांसाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी सर्व धर्मांच्या मुलांना दार उघडे असावे. आपल्यापैकी अनेकांसाठी कोणीतरी, कधीतरी शब्द टाकला होता. तो फेडावयाचा, तर ज्याच्यासाठी बोलणारा कोणीच नाही, त्याच्याकडेच फेडला पाहिजे.