करमत नाही

माझी धाकटी बहीण एडिनबरोला राहायला गेली त्याला बारा वर्षे झाली. सुरुवातीच्या काही वर्षांत तिचा फोन आला की आवाजावरून मी तिथला ऋतू ओळखत असे. मे-जूनमध्ये ती बोलता बोलता भांडी आवरायची, मुलाला हाका मारायची, मध्येच हसायची. नोव्हेंबर लागला की वाक्ये आखूड होत जात. ‘करमत नाही गं ताई,’ हे त्या दिवसांतले ठरलेले वाक्य. त्याच्या मागोमाग दुसरे यायचे, ‘बाबांना सोडून मी एवढ्या लांब यायला नको होतं.’ आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तर हे दुसरे वाक्य एकाही फोनला चुकले नाही.

पुढच्या वर्षी तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने एक दिवा आणला. शाळेतल्या पाटीएवढी पांढरी चौकट, मागे टेकू. रोज सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास तो टेबलावर थोडा बाजूला लावून ठेवायचा. त्याच्याकडे टक लावून बघायचे नाही, फक्त डोळे उघडे ठेवून चहा प्यायचा, वर्तमानपत्र वाचायचे. त्या जानेवारीत ती फोनवर पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती. मी वाट पाहत होते, पण दुसरे वाक्य आले नाही. पुढच्या फोनलाही आले नाही.

मला हायसे वाटले. आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला. बाबांची औषधे, बँक, रात्रीअपरात्री दवाखाना, हे सगळे रायपुरात माझ्याकडे होते. वर्षातून तीन महिने ती जे वाक्य म्हणायची, त्यात माझ्या कष्टांची पोच होती. अर्ध्या तासाच्या दिव्याने ती पोचही पुसून टाकली की काय, असे मला वाटले. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला आहे. दिव्याने जे दुःख जाते, ते खरे होते का? आणि त्या दुःखात माणूस जे बोलला, त्याचे काय करायचे?

आधी दिव्याविषयी. हिवाळ्यातल्या या उदासीला वैद्यकाने स्वतंत्र नाव दिले १९८४ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांचे सहकारी यांनी ते दिले. इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली तर ‘सॅड’ असाच शब्द तयार होतो. रोझेन्थल मूळचे जोहान्सबर्गचे. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि थंडीच्या दिवसांत आपलाच उत्साह ओसरतो, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे या आजाराला नाव देणारा माणूसही उन्हाच्या देशातून परक्या थंडीत गेलेला होता. त्याच्या उदासीत ऊन किती होते आणि घर किती होते, हे कोण वेगळे काढणार?

कारण मात्र केवळ कल्पनेतले नव्हे. तीव्र प्रकाशाने माणसाच्या शरीरातले मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची वर्दी देणारे संप्रेरक, दबते हे १९८० मध्ये दिसून आले होते. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे नसून शरीराला दिवस-रात्र कळवणे हे आहे, हे २००२ च्या सुमारास पक्के झाले. एडिनबरोला डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सात तासांचा. रायपुरात त्याच दिवशी तो जवळजवळ अकरा तासांचा असतो. दिव्याचा प्रकाश दहा हजार लक्सचा. घरातल्या संध्याकाळच्या उजेडात शंभराच्या आसपास लक्स असतात, नीट उजळलेल्या कचेरीत तीनशे ते पाचशे. २००५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त आलेल्या आढाव्यात अशा प्रकाशाचा परिणाम उदासीवरच्या औषधांच्या परिणामाच्या तोडीचा दिसला. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार आहे किंवा ज्यांचे मन कधी अति उल्हासाकडेही झुकते, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नये. थोडक्यात, हा गंडादोरा नाही आणि खेळणेही नाही.

हे सगळे वाचल्यावर माझा राग एका सोप्या निष्कर्षाकडे झुकला. बहिणीचा पश्चात्ताप म्हणजे उजेडाची तूट, मेलाटोनिनची गडबड. ‘बाबांना सोडून यायला नको होतं’ हे वाक्य तिचे नव्हतेच, ते नोव्हेंबरचे होते. असे म्हटले की सगळे निकालात निघते. तिला अपराधी वाटायचे कारण नाही आणि मला तिच्याकडून काही अपेक्षायचे कारण नाही.

पण माझा व्यवसाय भाषांतराचा आहे. हिंदीतून मराठीत आणि क्वचित मराठीतून हिंदीत. ‘करमत नाही’ हे शब्द मला नेहमी अडवतात. हिंदीत मी ‘मन नहीं लगता’ लिहिते आणि लिहिताना जाणवते की हिंदीने मध्ये मन आणून बसवले. मराठी वाक्यात मन नाहीच. ‘मला इथे करमत नाही’ यात एक ‘मला’ आहे, एक ‘इथे’ आहे आणि दोघांमध्ये काहीतरी जुळत नसल्याचे सांगणारे क्रियापद आहे. दोष माणसात की जागेत, हे वाक्य विचारत नाही. डॉक्टरांच्या नावाला मात्र तो विचारावाच लागतो, कारण त्याशिवाय उपाय ठरत नाही. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एकीचे भाषांतर दुसरीत झाले, आता मूळ फेकून द्यायला हरकत नाही, असे समजल्यावर. मी बहिणीच्या वाक्याचे नेमके तेच करायला निघाले होते.

दुसऱ्या बाजूची चूकही मला माहीत आहे, कारण आमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसांना तीच अधिक आवडते. रायपुरपासून सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव आहे. मराठी घरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध तिथे शेवटची वर्षे शिकवत होते आणि हिंदीत लिहीत होते. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहायचे. गजाननरावांची ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता आम्हा छत्तीसगडच्या मराठी लोकांना अर्धी आपली वाटते. एका चर्चेत मी दिव्याची गोष्ट सांगितली तेव्हा कुणीतरी म्हणाले, मुक्तिबोधांना असा दिवा मिळाला असता तर आपली कविता गेली असती. सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर ते हसू टोचले. १९६४ मध्ये ते गेले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचेही नव्हते आणि त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. ती कविता सूर्य कमी पडल्याने झालेली नाही, तिच्यातला अंधार माणसांनी केलेला आहे. पण समजा तसे असते, तरी आपल्याला वाचायला मिळावे म्हणून कुणी अंधारात राहावे, असे म्हणायचा अधिकार वाचकाला कुणी दिला? बहिणीने अपराधी राहावे म्हणजे माझ्या कष्टांची पोच मिळत राहील, हा माझा हिशेबही त्याच जातीचा होता.

याच सुमारास बहिणीने सुचवले की बाबांसाठी एक दिवा पाठवते. मी चिडले. तात्यापाऱ्यातल्या घराला, रायपुरात, विलायतेहून ऊन पाठवणार? पण फोनमधल्या मोजणीने, ती ढोबळ असते तरी, मी बाबांची खोली मोजली. आई गेल्यापासून ते मधल्या खोलीतच बसत. खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडणारी, वर पडदा. सकाळी दहा वाजता आकडा आला ऐंशी. गच्चीवर त्याच वेळी चाळीस हजारांच्या पुढे. सूर्य डोक्यावर असलेल्या गावात बाबा एडिनबरोच्या हिवाळ्यात बसले होते आणि रोज त्यांना जेवण नेऊन देणाऱ्या मला ते दिसले नव्हते. ‘आईच्या आठवणीने खचलेत,’ असे मी सगळ्यांना सांगत होते. ते खरे होते. पण त्या खऱ्यामागे लपून मी पडदा सरकवायचे राहून गेले होते.

खुर्ची गच्चीवर गेली. सकाळी तासभर, डोक्याला रुमाल, हातात वर्तमानपत्र. दोन-तीन आठवड्यांत त्यांची झोप सुधारली, भाकरी पुरी संपू लागली. एके दिवशी मी विचारले, ‘बाबा, आता बरं वाटतं ना?’ म्हणाले, ‘झोप लागते. तुझ्या आईचं काय विचारतेस, ती आहे तशीच आहे.’ मग थोड्या वेळाने त्यांनी तिच्याविषयी बोलायला सुरुवात केली. मधल्या खोलीत ते तिच्याविषयी बोलतच नव्हते, नुसते बसून असत.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी प्रश्नच चुकीचा मांडला होता. उजेडाने दुःख खोटे ठरत नाही, दुःखाचे ओझे उचलायला अंगात बळ येते. आणि बळ आल्यावरच ते वाक्य पुन्हा म्हणायची जबाबदारी येते. अंधारात बोललेले वाक्य नुसते लक्षण म्हणून सोडून देणे हा बोलणाऱ्याचा अपमान आहे. ते अंतिम सत्य मानून त्याच्या जोरावर माणसाला धरून ठेवणे हा दुसरा अपमान. ते जपून ठेवावे आणि उजाडल्यावर त्याच माणसाला विचारावे, हे अजून तुझे आहे का?

मी जूनमध्ये विचारले, मुद्दाम. तिच्याकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो तेव्हा. म्हटले, ‘तू हिवाळ्यात बाबांबद्दल म्हणायचीस ते आठवतं?’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘आठवतं. तेव्हा ते म्हटलं की नुसतं रडू यायचं. आता म्हटलं तर काहीतरी करावं लागेल, म्हणून मी म्हणत नव्हते.’ इतके प्रामाणिक उत्तर मला तिच्या कुठल्याही नोव्हेंबरमध्ये मिळाले नव्हते. मीही मग माझ्या पोचेबद्दल सांगितले. तेही सोपे गेले नाही.

गेल्या डिसेंबरात ती पाच आठवडे इथे आली आणि मी पाच आठवडे बाबांची औषधे मोजली नाहीत. बारा वर्षांच्या हिशेबात पाच आठवडे काही फार नाहीत, आम्हा दोघींनाही ते माहीत आहे. दिवा तिने तिकडेच ठेवला होता. परत गेल्यावर तिने तो पुन्हा लावला, आणि मला त्याचा राग आला नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा गच्चीवर बसले होते. जानेवारीचे स्वच्छ ऊन, पायांवर, हातांवर, वर्तमानपत्रावर. मी चहा घेऊन गेले तर वर्तमानपत्र घडीचेच होते. म्हणाले, ‘आज करमत नाही बघ.’ मी दुसरी खुर्ची वर आणली.